हातात फक्त १०० सेकंद! 'आयएनएस निलगिरी' हवाई हल्ला कसा रोखते?

नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं डागायला सुरुवात केली. अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास लांबला, भाडं वाढलं. नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून होणाऱ्या युरोपच्या व्यापाराचाही हाच रस्ता. अशा हल्ल्यांपासून जहाजांना वाचवायला हवाई संरक्षण करणाऱ्या युद्धनौका लागतात.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस निलगिरी' ही अशीच एक फ्रिगेट. १५ जानेवारी २०२५ रोजी ती नौदलात दाखल झाली. या वर्गात एकूण ७ नौका आहेत. ४ माझगाव डॉकच्या, ३ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीच्या.

अडचण काय आहे?

पृथ्वी गोल आहे आणि रडार साधारण सरळ रेषेत बघतं. समजा, रडार पाण्यापासून २५ मीटर उंचावर आहे आणि क्षेपणास्त्र लाटांच्या वर ५ मीटरवरून येतंय. ते सुमारे ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसेल. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला, तर हातात उरतात फक्त १०० सेकंद.

निलगिरीकडे काय आहे?

इस्रायली 'एमएफ-स्टार' रडार. याची चार पॅनेल्स चारही दिशांना बसवलेली असल्यामुळे ते एकाच वेळी सगळीकडे नजर ठेवतं. सोबत 'बराक-८' क्षेपणास्त्र, जे डीआरडीओ आणि इस्रायलने मिळून विकसित केलं आहे.

एकच तंत्रज्ञान अनेक नौकांवर का?

हेच रडार आणि हेच क्षेपणास्त्र कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवरही आहे. त्यामुळे प्रशिक्षण, सुटे भाग आणि दारूगोळा यांचं नियोजन सोपं होतं.

पण खरा फायदा वेगळाच आहे. मे २०१९ मध्ये पश्चिम किनाऱ्याजवळ 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस चेन्नई' यांनी एक चाचणी घेतली. दोन्ही नौकांवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रांचं नियंत्रण एकाच नौकेने केलं आणि वेगवेगळी हवाई लक्ष्यं टिपली. म्हणजे एका नौकेला जे दिसतं, त्यावर दुसरीचं क्षेपणास्त्र वापरता येतं. पुढे असलेल्या नौकेने धोका आधी टिपला, तर मागच्या नौकेला १०० सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळतो.

याची दुसरी बाजूही आहे. सगळ्यांकडे एकच रडार असेल, तर त्यातली एखादी त्रुटी सगळ्यांनाच महागात पडू शकते. शिवाय रडारचं मूळ तंत्रज्ञान परदेशी आहे. म्हणूनच नौका मुंबईत बांधणं ही अर्धी लढाई. तिचे डोळेही इथेच घडवणं, ही उरलेली अर्धी.