रस्त्यांची शैली

दिवाळीत दारापुढे उमटविलेले रांगोळीचे छाप आपण पाहिलेच आहेत. छाप टेकला, फूल उमटले, आणि तेथेच दोघांचा संबंध संपला. पाकळी बदलावीशी वाटली, तर प्रत्येक फूल पुसून पुन्हा काढणे आले. संगणकावरची ‘ग्राफिक स्टाइल’ हाही एक छापच. पण तो आपल्या फुलांना विसरत नाही.

समजा, इलस्ट्रेटर या चित्रप्रणालीत आपण तालुक्याचा नकाशा काढीत आहोत. एक रेषा निवडा. ‘अपिअरन्स’च्या चौकटीत तिला दोन पदर द्या: खाली सहा पॉइंट जाडीचा तपकिरी, वर चार पॉइंटचा पिवळा. झाला रस्ता! हे रूप ‘ग्राफिक स्टाइल्स’च्या चौकटीत साठवा. मग दुसरी रेषा निवडून शैलीवर क्लिक केले, की तीही रस्ता होते.

मात्र चौकात एका रस्त्याची कड दुसऱ्याला आडवी छेदते. त्यावर युक्ती आहे. रेषा बिनरंगी ठेवा, सर्व एका थरावर घ्या आणि शैली त्या थरालाच लावा. मग आधी सगळे तपकिरी पदर पडतात, त्यावर सगळे पिवळे. चौक आपोआप मोकळे होतात.

हे मला उशिरा कळले. स्मरणिकेसाठी नकाशा केला होता. छपाईच्या आदल्या रात्री लक्षात आले, की काळ्या-पांढऱ्या छपाईत नद्या नि रस्ते सारखेच दिसणार. शैली केलीच नव्हती! एकेक रेघ बदलीत पहाट झाली. तरी दोन ओढे रस्ते होऊनच छापले गेले.

शैली असती, तर एक रेषा बदलून ‘रिडिफाइन ग्राफिक स्टाइल’ म्हटले, की बाकीच्या सगळ्या बदलल्या असत्या. पण जपा हं! शैली लावलेली रेषा नुसतीच हाताने बदलली, तर तिचे नाते गुपचूप तुटते. पुढे सारे बदलतात, ती तशीच राहते.

आणि नाव देताना ‘पिवळी रेघ’ असे देऊ नका. ‘मुख्य रस्ता’ असे द्या. रंग उद्या बदलेल, रस्ता रस्ताच राहील.