वयाचा दाखला

अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा येतो. 2015च्या बाल न्याय कायद्याने पुराव्यांचा क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच हाती नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणून घरच्यांनी वकिलाकडे धावण्याआधी शाळेतून कागद काढावा.

पुण्यातल्या 1994च्या एका खून खटल्यात फाशी झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023मध्ये मान्य केलं. निर्णायक ठरली ती राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद. तोवर त्याची 28 वर्षं तुरुंगात गेली होती. अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटला संपल्यावरही मांडता येतो, म्हणून तो सुटला. पण इतकी वर्षं तो कागद कुणीच का पाहिला नाही, हे मनातून जात नाही.

बाकीचं संरक्षणही ठाऊक असावं. मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावंच लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. गंभीर गुन्ह्यातही जामीन हाच नियम. नाकारायचा तर मंडळाला कारणं लिहावी लागतात. आणि मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा छापणं हा गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.