२०२ दिवसांत उभे राहिलेले हॉटेल

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो हे जुने शहर आहे. १७१८ साली वसलेल्या या शहराला अडीचशे वर्षे झाली, त्या निमित्ताने १९६८ साली तेथे 'हेमिसफेअर' नावाचे जागतिक प्रदर्शन भरले. उद्घाटन ६ एप्रिलला व्हायचे होते आणि सहा महिन्यांनी, ६ ऑक्टोबरला, प्रदर्शन संपायचे होते. पाहुण्यांच्या सोयीसाठी प्रदर्शनाच्या आवाराजवळ, नदीच्या काठी, २१ मजल्यांचे एक हॉटेल बांधायचे ठरले. 'हिल्टन पालासिओ देल रिओ' हे त्याचे नाव. बांधणारे होते एच. बी. झॅक्री.

एरवी एखाद्या इमारतीचे काम महिना-दोन महिने लांबले तर आपण कुरकुरतो आणि वाट पाहतो. येथे तसे चालण्यासारखे नव्हते. मुहूर्त टळून गेल्यावर मांडव घालून काय उपयोग? प्रदर्शनाच्या तारखा हॉटेलसाठी पुढे सरकणार नव्हत्या. तरीही आराखडा काढण्यापासून पाहुणे राहायला येईपर्यंतचे सगळे काम कामाच्या २०२ दिवसांत पूर्ण झाले.

हे कसे साधले? नुसते जास्त मजूर लावून आणि रात्रपाळी करून हे जमले नसते. त्यामागे एक विचार आहे, आणि त्याचा गाभा समजायला साध्या बेरजेपलीकडचे गणित लागत नाही.

कामांची बेरीज आणि कामांची साखळी

सॅन अँटोनियोच्या मोठ्या कामाकडे वळण्यापूर्वी एक लहान, काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावी एक लॉज आहे. त्याच्या एका मजल्यावरील १० खोल्या नव्याने दुरुस्त करायच्या आहेत. कामांची यादी अशी:

१. जुन्या लाद्या व नळ तोडून काढणे – ६ दिवस
२. नवे नळ व सांडपाण्याचे पाइप – ८ दिवस. काम १ झाल्यावर
३. विजेचे वायरिंग – ५ दिवस. काम १ झाल्यावर
४. गिलावा, न्हाणीघराच्या लाद्या आणि पाणी मारणे – १२ दिवस. कामे २ व ३ झाल्यावर
५. रंगकाम – ७ दिवस. काम ४ झाल्यावर
६. पलंग व कपाटे सुताराच्या कारखान्यात तयार करणे – २० दिवस, पहिल्या दिवसापासून
७. सामान बसवणे व साफसफाई – ४ दिवस. कामे ५ व ६ झाल्यावर

सगळ्या दिवसांची बेरीज ६२ होते. पण म्हणून मजला ६२ दिवस बंद ठेवावा लागेल का? नाही. प्लंबर पाइप बसवत असताना वायरमन दुसऱ्या खोलीत तारा ओढू शकतो, आणि सुतार तर तिकडे आपल्या कारखान्यात असतो. वहीच्या पानावर प्रत्येक कामासाठी एक बाण काढा आणि कोणते काम कोणानंतर येते त्याप्रमाणे बाण जोडा. कामांचे एक जाळे तयार होईल. आता या जाळ्यातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणाऱ्या वाटा शोधू.

पहिली वाट १-२-४-५-७ अशी: ६ + ८ + १२ + ७ + ४ = ३७ दिवस.
दुसरी वाट १-३-४-५-७ अशी: ३४ दिवस.
तिसरी वाट ६-७ अशी: २४ दिवस.

मजला तयार व्हायला ३७ दिवस लागतील, म्हणजे सर्वांत लांब वाटेइतके. या वाटेला 'क्रिटिकल पाथ', आपल्या भाषेत 'निर्णायक वाट', म्हणतात. तिच्यावरचे कोणतेही काम एक दिवस लांबले की सगळा मजला एक दिवस लांबतो. उलट वायरमन ३ दिवस उशिरा आला तरी चालते. सुताराला तर १३ दिवसांची सवड आहे.

विजेच्या मंडलातील एकसर आणि समांतर जोडणी आपण शिकलेले आहात. एकामागून एक येणाऱ्या कामांचा वेळ एकसर जोडलेल्या रोधांप्रमाणे सरळ बेरजेने मिळतो. शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामांत मात्र उपमा लंगडी पडते. समांतर जोडणीचा एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी असतो. समांतर कामांना मात्र त्यांतील सर्वांत लांब कामाइतका वेळ लागतोच.

ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक तयार करणाऱ्या कंपनीतील जेम्स केली यांनी मिळून घडवली. रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला की उत्पादन थांबते. म्हणून तो कमीत कमी दिवस कसा बंद ठेवावा, हाही त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. आपल्या लॉजचा प्रश्न नेमका तोच आहे.

पैसा कोठे घालावा?

आता अंदाजपत्रकाकडे वळू. सिमेंट, लाद्या, पाइप, रंग, मजुरी यांची यादी कोणीही करील. पण या यादीत न दिसणारा एक खर्च असतो, तो म्हणजे बंद मजल्याचा खर्च. समजा, खोलीचे भाडे दिवसाला १,५०० रुपये आहे आणि १० पैकी सरासरी ६ खोल्या भरतात. म्हणजे रोज ९,००० रुपयांचे भाडे बुडते. देखरेख करणाराचा पगार, कर्जाचे व्याज, परांचीचे भाडे मिळून आणखी ३,००० रुपये धरू. एकूण दिवसाला १२,००० रुपये झाले. दुकानातील न विकलेले कापड उद्या विकता येते. रिकामी गेलेली खोलीतली रात्र पुन्हा विकता येत नाही.

अशा वेळी प्लंबर म्हणाला, 'आणखी १६,००० रुपये द्या, दुसरी जोडी लावून ८ दिवसांचे काम ६ दिवसांत करतो', तर काय करावे? दोन दिवस वाचले म्हणजे २४,००० रुपये वाचले. जादा खर्च वजा जाता ८,००० रुपयांचा फायदा झाला. महाग वाटणारा प्लंबर स्वस्त पडला! पण तेवढेच पैसे घेऊन वायरमनने २ दिवस वाचवले तर? एकही दिवस वाचत नाही, कारण त्याला सवड होतीच. ते १६,००० रुपये पाण्यात गेले.

येथे आणखी एक गंमत आहे. प्लंबरने ८ दिवसांचे काम ४ दिवसांत केले, तर मजला ४ दिवस आधी तयार होईल असे वाटते. प्रत्यक्षात तो ३ दिवसच आधी तयार होतो. पाइपचे काम ४ दिवसांवर आले की ५ दिवसांचे वायरिंग लांब ठरते आणि निर्णायक वाट सरकून वायरमनच्या दारातून जाऊ लागते. म्हणून एक बदल केला की जाळे पुन्हा मोजावे लागते.

शिवाय काही कामे पैशाला दाद देत नाहीत. सिमेंट घट्ट होते ते नुसते वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. म्हणून तर त्यावर दिवसेंदिवस पाणी मारतात. या क्रियेला तिचा वेळ द्यावाच लागतो. दहापट गवंडी लावले म्हणून सिमेंट दहापट वेगाने घट्ट होत नाही. घाई करून ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर वर्षभरात पोपडे निघतात आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

खोल्या कारखान्यात, पाया नदीकाठी

आता सॅन अँटोनियोचे कोडे सुटू लागते. नेहमीच्या पद्धतीत पाया, मग पहिला मजला, मग त्यावरचा, अशी सांगाडा चढत जाण्याची एक लांब साखळी असते. खोलीतील लाद्या, रंग, सामान ही कामे तो मजला उभा राहिल्याखेरीज सुरू होत नाहीत. झॅक्री यांनी ही साखळीच तोडली. खोल्या इमारतीत बांधायच्याच नाहीत असे ठरले. काँक्रीटची एकेक अखंड खोली दूरच्या कारखान्यात ओतून तयार करायची, तेथेच तिचे न्हाणीघर, रंग, सामानसुमान पुरे करायचे, आणि मग ती जागेवर आणून रचायची. त्याच वेळी इकडे नदीकाठी पाया, खालचे मजले आणि लिफ्टचा मधला मनोरा नेहमीप्रमाणे जागीच काँक्रीट ओतून उभे राहत होते. एकसर असलेली कामे समांतर झाली!

अशा ४९६ खोल्या यारीने उचलून ४६ दिवसांत बसवल्या गेल्या. म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ खोल्या.

प्रत्येक खोलीचे वजन सुमारे ३५ टन होते. दोरीला टांगलेली वस्तू वर उचलणे सोपे, पण तिला हव्या त्या दिशेला तोंड करून स्थिर ठेवणे अवघड. दोरीला पीळ सहज बसतो, त्यामुळे वाऱ्याच्या जरा असमान रेट्यानेही खोली स्वतःभोवती संथपणे वळू लागते. एकदा वळू लागलेले ३५ टनांचे वस्तुमान थांबवणे कठीण, कारण त्याचे जडत्व मोठे. वर हवेत तिला धरायला आधार कोठला? तेव्हा एक युक्ती करण्यात आली. खोली उचलणाऱ्या सांगाड्याला हेलिकॉप्टरची शेपटी, तिच्या टोकाच्या लहान पंख्यासकट, जोडली गेली. पंखा हवेला एका बाजूला ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा शेपटीला उलट बाजूस ढकलते. शेपटी लांब असल्यामुळे थोड्या बलानेही वळवणारा परिणाम मोठा होतो. दाराची कडी बिजागरीपासून लांब का बसवतात, ते आठवा. हेलिकॉप्टरमध्ये हाच पंखा यंत्राचे गरगर फिरणे थांबवतो. येथे त्याने खोलीला नेमके वळण दिले.

अर्थात हे फुकट मिळाले नाही. इतके वजन पेलणारी यारी हवी. कारखान्यात ओतलेल्या खोलीचे माप चुकले तर ती जागेवर बसणारच नाही. आणि साच्यातील एक चूक शेकडो खोल्यांत उतरणार. म्हणून सगळे निर्णय आधी, कागदावरच, पक्के करावे लागले. काँक्रीट पडल्यावर 'खिडकी जरा डावीकडे घ्या' म्हणण्याची सोय उरली नव्हती. कागदावर खोडरबराने होणारा बदल बांधकामात छिन्नी-हातोड्याने करावा लागतो, हे कोणत्याही अंदाजपत्रकाने विसरू नये.

अंदाज नेहमी कमी का पडतात?

प्लंबरला ८ दिवस लागतील असे आपण धरले. पण जुनी भिंत फोडल्यावर आतले पाइप गंजून गेलेले निघाले तर? काम लवकर संपले तर एक-दोन दिवस आधी संपते. लांबले तर आठवडाभरही लांबते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी 'पर्ट' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात. सर्व नीट झाल्यास ६ दिवस, बहुधा ८ दिवस, सर्व बिघडल्यास १६ दिवस असे समजू. मधल्या अंदाजाला चौपट महत्त्व देऊन सरासरी काढतात:

(६ + ४ × ८ + १६) ÷ ६ = ९ दिवस.

'बहुधा ८' असलेले काम सरासरीने ९ दिवसांचे निघाले. प्रत्येक कामात 'बहुधा' हाच आकडा धरणारा म्हणूनच सारखा मागे पडतो.

मग प्रत्येक कामात भरपूर जादा दिवस आणि पैसे धरून ठेवावेत का? त्याचीही जरूर नाही. समजा, निर्णायक वाटेवरील ५ कामांपैकी प्रत्येकात २ दिवसांची अनिश्चितता आहे. पाचही कामे एकदम बिघडण्याचा संभव कमी असतो. प्रयोगशाळेतील स्वतंत्र त्रुटींप्रमाणे येथे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात: २० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.५ दिवस, १० नव्हे. म्हणून शहाणा नियोजक प्रत्येकाच्या खिशात थोडे-थोडे न ठेवता सर्व कामांसाठी मिळून एक राखीव निधी ठेवतो. मात्र हे गणित कामे परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. पावसाची झड लागली तर बाहेरची सगळी कामे एकदम अडतात.

थोडे आधी, थोडे नंतर

दुरुस्तीचे काम बांधकामाहून एका बाबतीत वेगळे असते. सगळी इमारत एकदम बंद ठेवायची की भागाभागाने उघडायची, हे ठरवता येते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. घुमटाची जुनी इमारत १९०३ साली सुरू झाली. शेजारचा उंच मनोरा १९७३ सालचा. नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यात या हॉटेलात अनेकांचे प्राण गेले आणि जुन्या इमारतीची आगीने फार हानी झाली. मनोऱ्याचा भाग २१ डिसेंबर २००८ रोजी, महिन्याच्या आत, पुन्हा सुरू झाला. जुनी इमारत मात्र १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडली. घाई चालण्यासारखी होती तेथे वेग, आणि नाजूक जुने काम होते तेथे धीर, असे हे दोन वेग होते. दोन्ही भागांची एकच वाट धरली असती तर मनोराही वीस महिने अडकून पडला असता.

याच्या उलट उदाहरण उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग येथे आहे. १०५ मजल्यांच्या र्‍युग्याँग हॉटेलचे काम १९८७ साली सुरू झाले. १९८९ सालच्या जागतिक युवक महोत्सवाआधी ते व्हायचे होते. महोत्सव होऊन गेला, १९९२ साली पैशाअभावी काम थांबले, आणि काँक्रीटचा ३३० मीटर उंच सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. २०११ साली बाहेरचे काचेचे आवरण पुरे झाले, तेव्हाही आत पाहुणे आलेले नव्हते. एकूण किती पैसा लागेल हे जाणणे पुरेसे नाही. तो कोणत्या महिन्यात हाताशी असेल, तेही जाळ्यावर मांडावे लागते. अर्धवट हॉटेल एक रुपयाही मिळवत नाही.

करून पहा

आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गात कामांचे जाळे काढून पहा. नाटक निवडणे, तालमी, पोशाख शिवणे, रंगमंच उभारणे, निमंत्रणपत्रिका छापणे, त्या वाटणे अशी यादी करा. कोणते काम कोणानंतर येते ते बाणांनी दाखवा, दिवस लिहा आणि सर्वांत लांब वाट लाल पेन्सिलीने रंगवा. मग वर्गणीतले जादा पैसे आणि जादा हात लाल वाटेवर लावा. बाकीच्या कामांना सवड आहे. त्यांच्यासाठी उगीच धावपळ करू नका. आणि एखादे काम लवकर आटोपले तर जाळे पुन्हा मोजायला विसरू नका, कारण तोवर लाल वाट दुसरीकडे सरकलेली असेल.