माती ढवळली, जेल झालं?

तापीकाठची काळी जमीन खानदेशात काय नि बारडोलीत काय, सारखीच वागते. उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि चपलेला किलोकिलोने चिकटते. या करामतीमागे माँटमोरिलोनाइटसारखी खनिजं आहेत. त्यांचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्या मधे पाणी शिरतं. इथपर्यंतची माहिती बऱ्याच जणांना असते, आणि मग पुढचं वाक्य येतंच: "म्हणजे या मातीत पॉलिमर कालवलं की नॅनोकंपोझिट जेल तयार! माती काय, नुसता भराव."

नाही हो. रबरात खडूची भुकटी मिसळतात तो भराव. या जेलमधली माती काढून घेतली तर मागे जेल उरतच नाही, पाण्यात विरघळलेलं पॉलिमर उरतं. कारण इथे पॉलिमरच्या साखळ्यांना गाठी मारण्याचं काम मातीच करते.

शंका असेल त्यांनी जपानच्या कावामुरा इन्स्टिट्यूटमधल्या काझुतोशी हारागुची आणि तोरू ताकेहिसा यांचा 2002 सालचा 'अॅडव्हान्स्ड मटेरियल्स'मधला लेख काढून पाहावा. त्यांनी शेतातली माती घेतलीच नव्हती. घेतली ती कारखान्यात बनवलेली हेक्टोराइट जातीची माती. बाजारात तिला लॅपोनाइट म्हणतात. तिची एकेक चकती सुमारे 30 नॅनोमीटर रुंद आणि 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे पापडाच्या घडणीची. भुकटी शुद्ध पाण्यात ढवळत राहिलं की गढूळपणा जातो आणि द्रव नितळ होतो; चकत्या सुट्या झाल्याची ती खूण. आता त्यात तयार पॉलिमर घालायचं नाही, घालायचा तो मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीची सुटी कडी: एन-आयसोप्रोपिल अॅक्रिलामाइड. या कड्या जोडण्याची अभिक्रिया ऑक्सिजनमुळे अडते, म्हणून नायट्रोजन सोडून तो हाकलायचा. मग पोटॅशियम पर्सल्फेट आणि वेग वाढवणारं टेमेड घालून 20 अंशांवर 20 तास ठेवायचं.

खरी गंमत या वीस तासांच्या सुरुवातीलाच घडते. नितळ द्रव थोडा वेळ एकदम धुरकट होतो आणि पुन्हा नितळ होतो. पर्सल्फेट चकत्यांच्या पृष्ठभागाजवळ जमतं, त्यामुळे साखळ्या तिथूनच फुटतात. आधी केसाळ चकत्या तयार होतात, तो धुरकटपणा त्यांचा. पुढे एका चकतीवरच्या साखळ्या दुसरीला जाऊन चिकटतात आणि जाळं पुरं होतं. ही घडण हारागुचींनी नंतरच्या लेखांत सविस्तर मांडली आहे. तयार पॉलिमर आणि माती नुसती एकत्र केल्यावर असं जेल मिळालं नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. तरीही 'कालवा आणि मिळवा' चालूच!

नेहमीच्या जेलमध्ये रासायनिक जोडणीकारक गाठी मारतो. त्या जवळजवळ आणि वेड्यावाकड्या पडतात, म्हणून ते जेल वाकवलं की तुटतं. मातीच्या गाठी एकमेकींपासून लांब असतात, मधल्या साखळ्या लवचीक राहतात. हे जेल मूळ लांबीच्या दहापटीहून जास्त ताणलं जातं.

मिसळून जेल कधीच होत नाही, असं मात्र समजू नका. 2010 मध्ये ताकुझो आईदांच्या गटाने 'नेचर'मध्ये तसं जेल दाखवलं. पण त्यातही चकत्या आधी सोडियम पॉलिअॅक्रिलेटने सुट्या केल्या होत्या आणि त्यांना बांधायला खास घडवलेला रेणू वापरला होता.

शेतातली काळी माती का चालत नाही? तिच्यात लोह, वाळू, सेंद्रिय पदार्थ असतात; शिवाय कॅल्शियम पापुद्रे घट्ट धरून ठेवतं. बोअरचं जड पाणी वापरलं तरी हाच घोटाळा: चकत्या गोळा होऊन बसतात.

आता किरकोळ समज. 'हायड्रोजेल म्हणजे मातीचंच': दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर आधारित आहे. 'जेल पाणी तयार करतं': दिलेलं पाणी धरून ठेवतं, इतकंच. 'एकदा झालं की ऊन-थंडी सारखीच': हारागुचींचं जेल 32 अंशांच्या आसपास आकसून पांढरं पडतं, बारडोलीच्या मे महिन्यात ते सावलीतही तग धरणार नाही.

तेव्हा जेलच्या पाकिटावर 'नॅनो क्ले' असं ठळक छापलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: पॉलिमर कोणतं, माती कोणती आणि ती किती टक्के? उत्तर मिळालं नाही तर पाकीट तिथेच ठेवा.