सोशल नेटवर्किंग आणि प्रत्यक्ष मैत्री : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोशल नेटवर्किंगमुळे माणसे परस्परांना दुरावली, हे विधान आज इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. वस्तुतः माणसे पूर्वी कोठे व कशी जवळ येत होती, हे पाहिल्याखेरीज ती दुरावली असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

मैत्रीची पूर्वीची घडण :
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या भागांत कारखान्यांची दाटी झाली. मोठ्या कारखान्यांतील कामगार बहुधा कायम नोकरीत असे. कंपनीच्या एकाच बसने वर्षानुवर्षे जाणारी, कॅन्टीनमध्ये एकत्र जेवणारी माणसे पुढे एकाच भिशीत, एकाच पतसंस्थेत आणि एकाच गणेश मंडळात दिसत. ही मैत्री कोणी ठरवून केलेली नव्हती. नोकरीच्या स्थैर्यातून ती आपोआप निर्माण होत होती. अर्थात त्या मैत्रीत गट-तट, युनियनची भांडणे आणि जातीचे कप्पेही होते, हे विसरून चालणार नाही.

चाकणमधील बदललेली परिस्थिती :
२००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि त्यापाठोपाठ महिंद्रचा प्रकल्प चाकण परिसरात सुरू झाला. त्यांच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांचे जाळे पसरले. येथील मनुष्यबळात कंत्राटी कामगार व शिकाऊ उमेदवार यांचे प्रमाण मोठे आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले तरुण खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या गावांत खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत चौघे राहत असले तरी पाळ्या वेगळ्या असल्याने एक जण परततो तेव्हा दुसरा निघालेला असतो. त्यात कंत्राट संपले की कारखाना बदलतो आणि पुष्कळदा खोलीही बदलते. साप्ताहिक सुट्टीचीही तीच गत. भोसरीच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, तर हिंजवडीच्या संगणक कंपन्यांना शनिवार-रविवार. त्यामुळे एकाच शहरातील दोन बालमित्रांना भेटीचा सामाईक दिवसच उरत नाही. येथे मैत्री प्रथम तुटली ती वेळापत्रकामुळे. भ्रमणध्वनी नंतर आला.

सोशल नेटवर्किंगचे कार्य :
ऑर्कुट हे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये बंद पडले. त्या काळी त्यासाठी पुष्कळांना सायबर कॅफेत जावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हॉट्सअ‍ॅप कामगाराच्या खिशात चोवीस तास राहू लागले. त्याचा मोठा लाभ रोजगाराच्या बाबतीत दिसतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, नव्या संधीची माहिती जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. कोणत्या कारखान्यात भरती आहे, कोणता ठेकेदार पगार थकवतो, ही माहिती आज अशाच ओळखींच्या गटांतून फिरते. नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारेही त्याच गटांत शिरतात, ही दुसरी बाजू होय.

मैत्रीसंबंधी मात्र रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांचे अमेरिकेतील संशोधन अधिक बोलके आहे. पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांच्या १९९८ मधील अभ्यासात इंटरनेटच्या अधिक वापराबरोबर एकाकीपणा वाढल्याचे दिसले. २००२ मध्ये त्याच संशोधकांना हे दुष्परिणाम बव्हंशी ओसरल्याचे आढळले. तथापि नव्या नमुन्यात ज्यांना आधीच माणसांचा आधार होता त्यांना लाभ अधिक आणि ज्यांना नव्हता त्यांना कमी, असा भेद दिसून आला.

हा भेद आपल्या पट्ट्यास तंतोतंत लागू पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निवृत्त कामगारांच्या गटात ‘शुभ सकाळ’चे संदेश कंटाळा येईपर्यंत येतात, पण एखादा सोबती रुग्णालयात असल्याचे कळताच त्याच गटातील माणसे भेटीस जातात. तेथे मैत्री आधीची, साधन नंतरचे. चाकणच्या तरुणाजवळ हे भांडवल गावाकडील आहे. रात्रपाळीहून आल्यावर झोपेचे तास खर्चून तो गावातील मित्रांशी बोलतो, तेथील लग्नांची छायाचित्रे पाहतो. त्यामुळे त्याचे एकटेपण खरोखर कमी होते. परंतु शेजारच्या खोलीतील माणसाचे नाव विचारण्याची निकडही कमी होते. कामावर रुजू होताना भरावयाच्या अर्जात आकस्मिक प्रसंगी कळविण्यासाठी एक क्रमांक मागितला जातो. तेथे तो जो क्रमांक लिहितो, तो बहुधा तीनशे-चारशे किलोमीटर दूर असलेल्या माणसाचा असतो.