पाणी ओसरतें, ओल राहते

घरावर येणाऱ्या संकटांचीं नांवें अनेक आहेत. कधीं नदी उंबरा ओलांडून आंत येते, कधीं वादळ छपराचे पत्रे उचलून नेतें, तर कधीं स्वयंपाकघरांतील आग भिंती काळ्या करून जाते. परंतु संकट गेल्यानंतर घर पुन्हां राहण्याजोगें करूं लागलें, म्हणजे या तिन्हींचा शेवट एकाच ठिकाणीं होतो असें दिसून येतें. पुराचें पाणी भिंतींत मुरतें; छप्पर गेलें कीं पाऊस थेट खोलींत पडतो; आणि आग विझवितांना बंबाचें पाणी मजल्यामजल्यांवरून खालीं झिरपतें. शेवटीं गृहस्थाच्या वाट्यास येते ती ओल. आज या ओलीविषयींच आपल्यापुढें चार गोष्टी मांडावयाच्या आहेत, आणि त्यांचें सार आरंभींच सांगून ठेवितों : घर धुणें हें दोन दिवसांचें काम, परंतु घर सुकविणें हें ऋतूचें काम. या दोहोंत गल्लत झाली कीं एकच खर्च दोनदां करावा लागतो.

मुंबईच्या उपनगरांस हा धडा २६ जुलै २००५ रोजीं मिळाला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्याला, तो अवघा ७३ मिलिमीटर होता. जुनीं गटारें तासाला सुमारें २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढ्याच मानानें आखलेलीं. त्यांत समुद्राला भरती आलेली. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी दोन्ही तीरांवर पसरली, आणि कुर्ला, कलिना, वाकोला या भागांतील तळमजल्याचीं असंख्य घरें पाण्याखालीं गेलीं.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर अवघ्या ४३ दिवसांनीं. गणपति घरीं यावयाचे आणि भिंतींवर चिखलाची रेघ, हें कोणत्या गृहिणीस साहावें? माझा एक जुना विद्यार्थी तेव्हां कलिन्यास तळमजल्यावर राहत असे. त्यानें ऑगस्टमध्येंच भिंतींस सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर चकचकीत तैलरंग देवविला. उत्सव थाटांत पार पडला. दिवाळीच्या सुमारास त्याच भिंतींवर रंगाचे फोड आले. मग पोपडे सुटले, कपाटामागें काळी बुरशी पसरली, आणि धाकट्या मुलाचा दमा बळावला. पुढच्या उन्हाळ्यांत सारा गिलावा खरवडून काम नव्यानें करावें लागलें. रंगारी वाईट नव्हता, सामानहि हलकें नव्हतें. भिंत मात्र अजून ओली होती.

असें कां व्हावें? एक सोपा प्रयोग मी वर्गांत मुलांस दाखवीत असें. बशींत थोडी शाई घेऊन तींत खडूची कांडी उभी करावी. पाहतां पाहतां शाई खडूंतून वर चढूं लागते. खडूंत असंख्य सूक्ष्म नळ्या असतात, आणि त्या पाणी वर ओढतात. यासच शास्त्रांत केशाकर्षण म्हणतात. समईची वात याच नियमानें तेल वर नेते. वीट आणि गिलावा हीं खडूचींच भावंडें होत. म्हणून घरांत पाणी दोन फूट उभें राहिलें असलें, तरी भिंतींतील ओल त्याच्याहि बरीच वर पोहोंचलेली असते. चिखलाची रेघ ही पाण्याची सीमा होय, ओलीची नव्हे.

हें पाणी चढावयास तास लागतात, पण जावयास महिने लागतात. कारण पृष्ठभागावरून वाफ होऊन उडून जाणें, एवढाच मार्ग त्यास मोकळा असतो. बांधकाम जाणणाऱ्यांचा ठोकताळा असा आहे कीं, हवा अनुकूल असतां भिंत साधारणतः इंचास एक महिना या मानानें सुकते. ९ इंची भिंतीचा हिशेब आपणच करावा. आणि श्रावणांत मुंबईची हवा अनुकूल कोठली? हवेंतील आर्द्रता तेव्हां बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचें धोतर जेथें तीन दिवस वाळत नाहीं, तेथें भिंत काय वाळणार? दिवाळीपूर्वीं घर रंगविण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, कारण तोंपर्यंत पाऊस संपून हवा कोरडी होऊं लागते. परंतु पुराच्या वर्षीं ती दिवाळीहि जाड भिंतींस लवकरच होय. त्यांनीं पुढच्या चैत्र-वैशाखाची वाट पाहावी.

या प्रवासांत पाणी एकटें नसतें. विटांतले आणि चिखलांतले क्षार तें विरघळवून बरोबर आणतें, आणि स्वतः उडून जातांना ते भिंतीच्या तोंडाशीं ठेवून जातें. या क्षारांचे स्फटिक वाढले कीं ते गिलाव्यास आंतून ढकलतात. भिंतीस लोणा लागला असें आपण म्हणतों, तें हेंच. हा लोणा कोरड्या कुंच्यानें झाडून टाकावा. पाण्यानें धुतल्यास तो विरघळून पुन्हां आंत शिरतो. अशा भिंतीवर तैलरंग किंवा टाईल बसविणें म्हणजे उकळत्या भांड्यावर घट्ट झांकण ठेवणें होय.

आतां कामांचा क्रम सांगतों. पहिली गोष्ट जिवाची. पाण्यांत उभें राहून विजेच्या बटनास कदापि हात लावूं नये. पुरवठा मुख्य ठिकाणाहून बंद झाल्याची खात्री करून मगच घरांत शिरावें, आणि वायरमननें तारा तपासल्यावांचून दिवा, पंखा वा फ्रीज चालूं करूं नये. गॅसचा वास आल्यास कोणतेंहि बटन न दाबतां खिडक्या उघडाव्यात. भिंतीस नवी तिरकी भेग दिसली, तर अभियंत्यास दाखवावी. पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे असावेत. उंदरांच्या मूत्रांतून पाण्यांत मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतु त्वचेवरच्या लहानशा जखमेंतूनहि शरीरांत शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत या रोगाची साथ आली होती. पुराच्या पाण्यांतून चाललेल्यानें तीन दिवसांच्या आंत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ताप येण्याची वाट पाहूं नये.

दुसरी गोष्ट पुराव्याची. झाडू हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचीं छायाचित्रें काढावींत, पाण्याच्या रेघेची उंची मोजून लिहून ठेवावी, विमा कंपनीस त्वरित कळवावें, आणि शासकीय पंचनामा होत असेल तेव्हां आपल्या घराची नोंद झाली कीं नाहीं तें पाहावें. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' या नांवाची ठराविक स्वरूपाची पॉलिसी मिळूं लागली. तींत आगीबरोबर वादळ आणि पूर यांचाहि अंतर्भाव आहे. ती अर्थात् संकटापूर्वीं घ्यावयाची असते.

तिसरी गोष्ट चिखलाची. तो ओला आहे तोंवरच काढावा; वाळला कीं सिमेंटासारखा धरतो. प्रथम स्वच्छ पाणी, मग साबणाचें पाणी आणि घासणी, आणि शेवटीं ब्लीचिंग पावडरचें द्रावण, हा क्रम मोडूं नये. कारण चिखलावर ओतलेली जंतुनाशकें वायां जातात. हें द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडांत मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो. सदनिकांच्या इमारतींत जमिनीखालची टांकी सर्वांत आधीं आठवावी. तींत पुराचें पाणी शिरलें असल्यास ती उपसून, घासून, क्लोरीननें शुद्ध केल्यावांचून वरच्या मजल्यावरच्यांनींहि तें पाणी पिऊं नये.

चौथी गोष्ट त्यागाची, आणि ती सर्वांत जड. पुराच्या घाण पाण्यांत भिजलेली कापसाची गादी वरून वाळते, आंतून वाळत नाहीं. तिचा मोह सोडावा. भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांचीं कपाटें एकदां फुगलीं कीं पूर्ववत् होत नाहींत. सागवानी पलंग मात्र टिकतो; तो धुवून सावलींत सुकवावा, उन्हांत ठेवल्यास चिरतो. पुस्तकें आणि घराचीं कागदपत्रें वांचविण्यासाठीं एक युक्ति ग्रंथालयांतूनहि वापरतात. दोन दिवसांत सुकविणें शक्य नसल्यास तीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून कोणा स्नेह्याच्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यांत ठेवावींत. थंडीनें बुरशीची वाढ थांबते, आणि पुढें एकेक काढून, पानांत टिपकागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर सवडीनें सुकवितां येतात.

बुरशी किती वेळ देते? भिजलेल्या कापडावर, लाकडावर, कागदावर ती एक-दोन दिवसांतच धरूं लागते. म्हणून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत कपाटें भिंतीपासून हातभर दूर ओढावींत, ओले पडदे उतरावेत, फुगलेले आणि पोकळ वाजणारे गिलाव्याचे भाग पाडून वीट उघडी करावी. बुरशी कोरडी झाडूं नये. तिचे बीजकण हवेंत उडून श्वासावाटे आंत जातात. नाकातोंडावर चांगला मास्क बांधून ती साबणाच्या पाण्यानें पुसून काढावी. दम्याच्या रोग्यास आणि लहान मुलांस त्या वेळीं दुसऱ्या घरीं पाठवावें. बुरशीवर रंग दिल्यानें ती मरत नाहीं. ती दिसेनाशी होते, एवढेंच.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात कीं बंद, हा प्रश्न मला अनेकांनीं विचारला आहे. उघडीप पडली, वारा सुटला, तर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, आणि पंख्याचें तोंड बाहेरच्या बाजूस करावें. पाऊस कोसळत असतांना मात्र बाहेरची हवा आंतल्याहून कोरडी नसते. तेव्हां खोली बंद करून ए. सी. चालवावा. त्याच्या नळींतून बादलींत थेंब थेंब पडणारें पाणी हें आपल्याच खोलींतल्या हवेंतून निघालेलें असतें. बंद खोलींत शेगडी पेटवून ठेवणें सर्वस्वीं घातक. ओल एका भिंतींतून निघून दुसरीवर बसते, आणि कोळशाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वासावांचून प्राण घेतो.

भिंत सुकली हें कसें ओळखावें? हाताचा स्पर्श येथें फसवितो. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीवर घट्ट बसवावा, आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. त्याच्या आंतल्या बाजूस दंव जमलें, तर भिंत अजून श्वास सोडीत आहे असें समजावें, आणि रंगाऱ्यास परत पाठवावें. दोन-तीन जागीं तुकडा कोरडा निघाला, म्हणजे गिलाव्यास हात घालावा. जुन्या चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा द्यावा. तो बाष्प अडवीत नाहीं. विजेच्या तारा नव्यानें टाकावयाच्याच असतील, तर बटनें आणि मीटर जुन्या रेघेच्या वर न्यावेत.

आग आणि वादळ यांविषयीं दोन शब्द. काजळी ओल्या फडक्यानें पुसल्यास ती गिलाव्यांत मुरते. ती आधीं कोरडीच उचलावी, पाणी मागाहून. आगीनें तडकलेल्या स्लॅबखालीं अभियंत्यानें पाहिल्यावांचून झोंपूं नये. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां पावसाळा दारांत उभा होता. ज्यांनीं पहिल्याच दिवशीं छपरावर ताडपत्री ओढली, त्यांच्या भिंती वांचल्या. छप्पर आधीं, सामान नंतर, हाच वादळानंतरचा नियम होय.

हें सारें ऐकून आपण म्हणाल, कीं इतके महिने उघड्या विटांच्या घरांत राहावयाचें कसें? पाहुणे काय म्हणतील? ज्वरांतून उठलेल्या माणसास आपण पहिल्याच दिवशीं पक्वान्न वाढीत नाहीं. कांहीं दिवस पेजेवर ठेवितों, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. पाण्यांतून उठलेल्या घराचीहि तीच गोष्ट आहे. उघडी भिंत ही दारिद्र्याची खूण नव्हे. आपलें औषध ती स्वतः घेत असते. त्या घरांत रात्रीं मुलें निजणार आहेत, आणि तीं जी हवा श्वासांत घेणार ती त्याच भिंतींवरून येणार, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे रंगाची घाई आपोआप कमी होईल.