वनातील विश्रांती : 'शकुंतला पत्रलेखन' या छापील चित्राचे वाचन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अम्लरेखन-चित्रांत वृक्षांच्या सावलीत विसावलेली माणसे हा आवडीचा विषय होता. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा काढीत, त्या अम्लाने खोल करीत व शाई भरून कागदावर उमटवीत. महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली वनचित्रे मात्र शिळाछापाची होती. राजा रविवर्मा यांच्या 'शकुंतला पत्रलेखन' (१८७६) या चित्राच्या आधारे अशा वनविश्रांतीचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्र व छपाई :
शकुंतला गवतावर पहुडली असून दुष्यंतास पत्र लिहिण्याच्या विचारात आहे. जवळ दोन सख्या आहेत. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. स्निग्ध शाई व पाणी परस्परांना दूर सारतात, या तत्त्वावर शिळाछाप चालतो. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. या तंत्रामुळे दरबारातील चित्र सामान्यांच्या भिंतीवर आले.

विवेचन :
या चित्रातील वन हे आश्रमाचे वन आहे. तेथे कुऱ्हाड नाही, टोपली नाही, श्रमाची खूण नाही. त्याच काळात प्रत्यक्षातील वनांवर सीमा आखल्या जात होत्या. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील वनांचे राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्गीकरण झाले. १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली असलेल्या वऱ्हाडातही राखीव जंगले निर्माण झाली. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी 'वणी' जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील कोलाम व गोंड समाजासाठी वन म्हणजे मोहफुले, तेंदूपाने व सरपण होय. पहाटेपासून मोहफुले वेचणारी स्त्री उन्हे चढल्यावर झाडाखाली टेकते, तीही वनविश्रांतीच. परंतु ती श्रमानंतरची आहे. ही विश्रांती घराघरांतील छापील चित्रांत क्वचितच आढळते.

समारोप :
यावरून रविवर्मा यांच्या कलेचे मोल कमी ठरत नाही. मात्र वर्गात हे चित्र दाखविताना रंग व रचनेबरोबरच 'या वनात कोण दिसत नाही?' हा प्रश्नही विचारला जावा. ज्यांच्या कुटुंबांचा वनावरील हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला, असे विद्यार्थी आपल्या वर्गात बसतात. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी आहे. ते ऐकून घेणे हे अध्यापकाचे काम होय.